पुढची चाकं जळगावची, मागची धुळ्याची

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही थोडं पुढे सरकावं. कीर्तनात मागे बसणाऱ्याला डुलकी लागते आणि पुढे बसणाऱ्याला बुक्का, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. आज एका जीपची गोष्ट सांगतो. जीप तशी निमित्ताला. आत बसलेली माणसं सोन्यासारखी होती, फक्त त्यांनी एक लोखंडी गोळा उलटा बसवला होता. शेवटी सगळं गोड होतं, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधे कुणाचा जीव वर-खाली व्हायला नको. धनसिंगचा झाला तेवढा पुरे.

अठ्ठ्याऐंशी सालचा चैत्र. जळगावात धनसिंग पाटलांचं शेतातल्या पंपाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. माणूस सरळ, गळ्यात माळ, कपाळाला गंध. वेड म्हणाल तर दोन. एक कीर्तनाचं आणि दुसरं जीपचं. कीर्तन पंचक्रोशीत कुठंही असो, हा पहिल्या रांगेत. आणि जीप म्हणजे लष्करातून निवृत्त होऊन, तीन मालकांचा संसार करून याच्या दारात आलेली, हिरव्या रंगाची, चढाला खोकणारी.

अशाच जीपा बाळगणाऱ्या मंडळींचा एक कंपू होता. निम्मे जळगावचे, निम्मे धुळ्याचे. दर रविवारी एरंडोलच्या अलीकडच्या ढाब्यावर जमायचे, चहा घ्यायचे, आणि डांबरी रस्ता सोडून नदीच्या पात्रात, टेकडीच्या अंगावर, काट्याकुट्यात घुसायचे. रस्ता असलेल्या ठिकाणी जीप नेणं त्यांना कमीपणाचं वाटे.

"सरकारनं एवढं डांबर ओतलंय," धनसिंगची बायको पुष्पाबाई म्हणायची, "ते काय लांबून नमस्कार करायला?"

जळगावकरांचा म्होरक्या अभिमन. केळीचा बागायतदार, बोलायला घाईचा, हाताला त्याहून घाईचा. धुळेकरांचा म्होरक्या भंवरलाल. कापडाचा व्यापारी, अंगानं भरलेला, बोलणं तलम आणि चिमटा जाड. दोघं एकमेकांवर जीव टाकायचे, पण एकाने चहाचे पैसे दिले तर दुसरा भज्यांचे दिल्याशिवाय उठायचा नाही. जळगाव मोठं की धुळं, हा वाद त्या ढाब्याच्या बाकड्यांनासुद्धा पाठ झाला होता.

आता धनसिंगच्या जीपमधलं एक वैगुण्य सांगतो, कारण गोष्ट तिथंच अडकली आहे. जीपची खरी कमाई म्हणजे तिची चारही चाकं जोर लावतात. दर दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाचं फिरणं लांब दांड्यातून त्या गोळ्यात येतं आणि गोळा ते चाकांना वाटून देतो. याच्या आधीच्या मालकानं तेल वाचवायला पुढचा गोळाच काढून विकला होता. त्यामुळं पुढची दोन चाकं घरजावयासारखी मागच्यांच्या जिवावर फिरायची. सडकेवर हे कुणाच्या लक्षात येत नसे. वाळूत यायचं.

आणि वाळू होती पिंपळझिऱ्याच्या वाटेवर.

पिंपळझिरा म्हणजे चोपड्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याचं चिमुकलं गाव. तिथं धनसिंगची मावशी भिकुबाई राहायची. धनसिंग रांगत होता तेव्हा आई गेली, आणि या भिकुबाईनं त्याला आपल्या पोरांच्या ताटात जेवू घालून वाढवला. गावात दर चैत्रात सप्ताह बसे, आणि शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन चुडामणबुवांचं. त्या दिवशीची दहीहंडी भिकुबाई स्वतःच्या हातानं भरायची. सातही दिवस उपास, आणि बुवांचं कीर्तन ऐकून, हंडी फुटून, काला तोंडात पडला की मगच जेवण.

गाव आणि सडक यांच्या मधे एक रुंद नाला होता. पाणी कधीमधी, वाळू बारमाही. पूर्वी बुवा तो पायी ओलांडायचे. आता बुवांचे गुडघे त्यांचं ऐकत नव्हते. बैलगाडी म्हणाल, तर सप्ताहात त्या गावी कुणी बैल जुंपत नाही. सात दिवस बैलांनाही सुट्टी, ही आजे-पणजांची चाल. म्हणून आदल्या वर्षी धनसिंग मोठ्या हौसेनं बुवांना जीपमधून घेऊन गेला. जीप नाल्यात पोटापर्यंत रुतली. ऊन चढलं, बुवांना भोवळ आली, आणि अर्ध्या वाटेतून त्यांना परत न्यावं लागलं.

गावानं कीर्तनाशिवाय हंडी फोडली. भिकुबाईनं काला हातात घेतला, कपाळाला लावला आणि तुळशीत ठेवून दिला. "कीर्तन नई तं काला कसाना?" एवढंच म्हणाली, आणि तुळशीचं पान तोंडात टाकून भिंतीकडं तोंड करून निजली.

ते धनसिंगच्या काळजात रुतून बसलं होतं. या वर्षी होळी झाली आणि मावशीचा निरोप आला. निरोप घेऊन आला वना, तिच्या शेजारचा.

"मावशीनी सांगेल शे," वना उंबऱ्यात बसून म्हणाला, "आवंदा बुवाले लई ये. पुढला चैत मी देखसू का नई, कोनले मालूम."

धनसिंग त्याच संध्याकाळी बुवांकडं गेला आणि पायावर डोकं ठेवून बोलून बसला, "बुवा, या वर्षी तुमच्या पायाला वाळूचा कण लागला, तर ही जीप वितळवून मी टाळ पाडून घेईन."

"लोखंडाचे टाळ वाजत नाहीत रे," बुवा म्हणाले. "तू गाडीच नीट आण."

पुढच्या रविवारी ढाब्यावर धनसिंगनं सगळी हकिगत कंपूपुढं मांडली. भजी थंड झाली तरी कुणी हात लावला नाही. मग भंवरलाल खाकरला.

"वाळूला रुंद टायर पाहिजेत, धनसिंगभाऊ. माझ्या गाडीचे काढून देतो."

"आणि तुमची गाडी, शेठ?"

"राहील विटांवर. आमची गृहलक्ष्मी गुलाबबाई खूश होईल. रविवारी मी घरी, आणि बॉनेटवर तिचे पापड."

धुळ्यानं चार टायर टाकल्यावर जळगाव गप्प बसणार होतं थोडंच. अभिमननं टेबलावर हात आपटला. "टायरनं काय होतं? पुढच्या चाकांना जोर नको? माझ्या जीपचा पुढचा गोळा काढून देतो."

"तुझी पण विटांवर?"

"मग काय एकट्या धुळ्याचीच?"

असे ते दोस्त. सगेसोयरे लग्नात उसना सतरंजीचा जोड द्यायला मागं-पुढं बघतात. इथं दोघांनी आपापल्या जीपचे अवयव काढून दिले, तेही दुसरा चहा यायच्या आत.

काम धनसिंगच्या दुकानामागच्या अंगणात निघालं. जीप लाकडी ओंडक्यांवर चढवली. पुढची बाजू जळगावकरांनी घेतली, मागची धुळेकरांनी. मधली ड्रायव्हरची सीट म्हणजे सरहद्द. पान्हे इकडून तिकडं जायचे, पण माणूस जायचा नाही. भंवरलालची मंडळी मागच्या स्प्रिंगच्या पाट्या ठोकून घट्ट करत होती, टायर चढवत होती. पुढं अभिमन पालथा पडून गोळा बसवत होता आणि गोळा बसत नव्हता. अभिमनच्या जीपमध्ये तो सुखानं राहत होता, पण इथं सायलेन्सरची नळी आडवी येत होती.

अभिमननं गोळा फिरवून पाहिला, हलवून पाहिला. मग सरळ खालचं वर, वरचं खाली केलं. गोळा हळूच आत सरकला, जणू इथंच जन्मला होता.

"बसला!" अभिमन ओरडला.

"उलटा दिसतो," त्याचा एक जोडीदार दबक्या आवाजात म्हणाला.

"गोळ्याला कसलं आलंय उलटं-सुलटं? गोल असतो म्हणून तर गोळा."

मागून भंवरलालचा आवाज आला, "काय उलटं बसलं?"

"काही नाही शेठ. तुम्ही तुमचं मागचं बघा."

भंवरलालनं मागचं बघितलं. एरवी तो उठून पुढं आला असता, पण सरहद्द ओलांडून पाहायला जाणं म्हणजे जळगावच्या कामावर अविश्वास दाखवणं, आणि तो पडला पाहुणा.

संध्याकाळी जीप खाली उतरवली. रुंद टायरांवर ती अशी दिमाखात उभी राहिली, की गल्लीतल्या म्हशींनी वाट दिली. गियरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. तो ओढला की पुढची चाकंही जोर लावायला लागतात. भंवरलालनं त्याला हात घातला. "चला, चारी चाकं चालवून बघू."

धनसिंगनं झटकन त्याचा हात धरला. "नाही शेठ. याचा मुहूर्त बुवांच्या हातानं."

"अरे, पण चालवून तरी..."

"देवाच्या कामाला आणलेली वस्तू. आधी आपण उष्टी करायची आणि मग बुवांना द्यायची? नैवेद्य चाखून दाखवतात का?"

अभिमननं मान डोलावली. भंवरलालनंही हात जोडले. धनसिंगनं त्या छोट्या दांड्याला हळदी-कुंकू वाहिलं, लाल नाडा करकचून बांधला, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं.

पुष्पाबाई चहाचे कप गोळा करत होती. "सून आणायची तरी आधी बघायला जातात हो," ती म्हणाली आणि आत गेली.

काल्याचा दिवस उजाडला. बुवांचा मुक्काम एरंडोलला होता. तिथून त्यांना पहाटेच उचललं. पुढं बुवा, मांडीवर वीणा. मागच्या बाकांवर एकीकडं अभिमन, एकीकडं भंवरलाल, मधे हत्यारांची पेटी. दोघांच्याही जीपा विटांवर, म्हणून दोघंही एस.टी.नं आलेले. मुहूर्त चुकवायचा कुणाचाच विचार नव्हता. धरणगाव गेलं, तापीचा पूल गेला, चोपडं गेलं. जीप अशी धावत होती, की बुवा सबंध वाटभर गुणगुणत होते. धनसिंगला वाटत होतं, आपण गाडी चालवत नाही, रथ हाकतोय.

उन्हं कोवळी होती तेव्हाच नाला आला. पलीकडच्या चढावर मंडपाचं भगवं निशाण दिसत होतं, टाळांचा आवाज ऐकू येत होता. काठावर धनसिंग थांबला. नारळ फोडला. एक फोड बुवांना, एक जीपच्या बॉनेटला. मग म्हणाला, "बुवा, आता आपल्या हातानं."

बुवांनी नाडा सोडला, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि छोटा दांडा मागं ओढला. खट्ट.

"बोला, पुंडलिक वरदे," असं अभिमन, भंवरलाल आणि धनसिंग एका सुरात ओरडले, आणि धनसिंगनं जीप उतारावरून पात्रात घातली. उताराचा जोर होता तेवढी ती मधोमध गेली. तिथं जीपनं एक विचित्र हुंदका दिला आणि जागच्या जागी थांबली. थांबली म्हणजे इंजिन चालू, चाकंही चालू, पण जीप जाईना. कमरेत वाकून नुसती थरथरायला लागली, अंगात आल्यासारखी.

"रेस वाढव," अभिमन म्हणाला.

धनसिंगनं रेस वाढवली. मागच्या चाकांनी वाळू मागं फेकली. पुढच्या चाकांनी पुढं फेकली. जीप इंचभरही पुढं गेली नाही, पण खाली मात्र चांगली गेली.

"अजून."

अजून रेस. अजून वाळू. बुवांनी वीणेवर उपरणं पांघरलं आणि सीटवरून वाकून बाहेर पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "धनसिंग, आपल्याला पुढंच जायचं आहे ना?"

"हो बुवा."

"मग हे माझ्या बाजूचं चाक मागं का निघालंय?"

मागं भंवरलालनंही वाकून पाहिलं. "बुवा, मागचं तर पुढंच चाललंय." मग त्यानं अभिमनकडं पाहिलं. अभिमन आभाळाकडं पाहत होता.

"अभिमन."

"हं."

"काय उलटं बसलं होतं त्या दिवशी?"

अभिमननं टोपी काढली, डोकं खाजवलं. "गोळा," तो म्हणाला.

"वा," भंवरलाल म्हणाला. "म्हणजे पुढची चाकं निघाली जळगावला आणि मागची धुळ्याला. बुवा, तुम्हाला कुठं सोडू?"

धनसिंगला काही ऐकू येत नव्हतं. त्याला समोर फक्त ते निशाण दिसत होतं, आणि निशाणाखाली भिंतीकडं तोंड करून निजलेली मावशी. त्यानं बधिरासारखा पाय दाबला, होता तेवढा. खालून कडाड असा आवाज आला. मागची चाकं गप्प झाली. मागचा लांब दांडा मोडून वाळूत पडला होता.

"धुळं बसलं," अभिमन हलकेच म्हणाला.

"ओढत होतं म्हणून बसलं," भंवरलाल फणकारला.

इंजिन बंद केलं. आता टाळ स्वच्छ ऐकू येऊ लागले. ऊन तापायला लागलं होतं. पलीकडून कुणीतरी धावत येताना दिसलं. तो वना होता, त्याच्यामागं गावातली चार धट्टीकट्टी माणसं, आणि त्यांच्या डोक्यावर एक खाट.

"बुवा, रामराम," वना धापा टाकत म्हणाला. "मावशी इचारी ऱ्हायनी, उनात का बुवा, पोचनात का? हंडी बांधेल शे. बठ्ठा लोक बशी ऱ्हायनात. तुम्ही खाटवर बसा, आम्ही उचली लई जातस."

बुवांनी खाटेकडं पाहिलं, मग त्या चौघांकडं. "वना, चौघांच्या खांद्यावरून खाटेवर जायची वेळ माझीही येणारच आहे. पण ती आज नको रे बाबा. लोकांना वाटेल कीर्तनाला आणलं की कशाला."

चौघं ओशाळून खाटेवरच बसले.

"मंग मावशीले काय सांगू?" वनानं विचारलं.

धनसिंग जीपमधून उतरला आणि वाळूत मांडी घालून बसला. गेल्या वर्षी जिथं बसला होता, तिथून फार लांब नव्हती ती जागा. दुपार झाली की हंडी फुटणार. मावशी काला कपाळाला लावणार, तुळशीत ठेवणार. ती काही बोलणार नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानं टोपी तोंडावर ओढून घेतली.

त्याच्या डोक्यावर दोस्तांची जुंपली होती.

"एवढं मोठं जळगाव, आणि एक गोळा सुलटा बसवता येत नाही?"

"सायलेन्सर मधे येत होता, शेठ."

"मग सायलेन्सर हलवायचा. गोळा उलटा करतात?"

"बोलून उपयोग काय आता? मागची चाकं मेली. राहिली पुढची, ती पुढं म्हटलं की मागंच जाणार."

"मग त्यांना मागं म्हण ना!" भंवरलालचा आवाज चढला. "उलटा गियर टाक! म्हणजे जातील पुढं, तुझ्यासारखीच उलट्या डोक्याची आहेत ती!"

भंवरलालचं तोंड उघडंच राहिलं. अभिमननं त्याच्याकडं पाहिलं, मग चाकाकडं, परत त्याच्याकडं. खाटेवरचे चौघं उठून उभे राहिले. टोपीखालून धनसिंगचा एक डोळा बाहेर आला.

"शेठ," अभिमन म्हणाला, "परत बोला."

"उलटा गियर," भंवरलाल हळूच म्हणाला, स्वतःच्याच शब्दांना घाबरल्यासारखा.

मग जी धावपळ उडाली, ती काय वर्णावी. जळगाव आणि धुळं पहिल्यांदा एकाच बाजूला पालथं पडलं. मोडक्या दांड्याचे तुकडे सोडवून काढले. वना आणि चौघांनी शेताच्या बांधावरून कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचे भारे आणून पुढच्या चाकांखाली अंथरले. पुढच्या चाकांवर वजन पाहिजे म्हणून भंवरलालला बॉनेटवर बसवला. तो एकटा पुरेसा होता, पण अभिमन म्हणाला, "गोळा माझा, मीही बसतो," आणि चढला. बुवा आपल्या जागी तसेच बसून होते, पाय अजून वाळूला लागला नव्हता.

धनसिंगनं टोपी सरळ केली. इंजिन चालू केलं. आयुष्यभर जो गियर भिंतीपासून लांब जायला वापरला, तो त्यानं मावशीच्या दिशेनं तोंड करून टाकला. क्लच सोडला.

पऱ्हाट्या कडकडल्या. जीपनं विचार केल्यासारखा केला. आणि निघाली. पुढं! उलट्या गियरमध्ये सुलटी. या गियरमध्ये जोर मोठा, चाल गोगलगाईची, पण वाळूला तीच पाहिजे होती. मागची चाकं आता घरजावई झाली होती, आणि पुढची दोन घरच्या थोरल्या मुलासारखी सगळ्यांना ओढत चालली होती. मागून वना आणि चौघं रेटत होते. बॉनेटवर दोन्ही म्होरके एकमेकांच्या गळ्यात हात घालून बसले होते, कारण दुसरं धरायला काही नव्हतं. बुवांनी वीणा छेडली आणि नाम धरलं. नाला ओलांडून जीप चढाला लागली, तेव्हा मंडपातले लोक उठून उभे राहिले. बायकांनी पदर सावरले. एका म्हाताऱ्यानं तर बॉनेटवरच्या भंवरलाललाच बुवा समजून लांबून दंडवत घातला. भंवरलालनं तो घाईनं मागं बुवांकडं पाठवला.

जीप थेट मंडपाच्या तोंडाशी जाऊन थांबली. बुवांनी पाय खाली ठेवला, तो सारवलेल्या जमिनीवर.

खांबाला टेकून भिकुबाई बसली होती. तिला आता धूसर दिसायचं. बुवांच्या पावलांना हात लावून तिनं बोटं चाचपली. वाळू नव्हती. मग तिनं धनसिंगचा चेहरा हातात घेतला.

"उना का रे भाऊ," आलास का, एवढंच तिनं विचारलं. धनसिंगनं तिच्या हातांतच मान हलवली.

कीर्तन काय रंगलं म्हणता! बुवांनी त्या दिवशी दृष्टांत लांब शोधला नाही. "एक गाडी होती," ते म्हणाले, "तिची पुढची चाकं संसाराकडं ओढायची आणि मागची देवाकडं. ओढाताण भारी, धूळ भारी, आणि गाडी जागच्या जागी. आपलंही असंच आहे, माउली. आणि देवानं आपला एखादा दांडा मोडला, तर लगेच रडायला बसू नका. भांडण मिटवायला मोडला असेल." सगळा मंडप हसला. पहिल्या रांगेत अभिमननं मान खाली घातली, आणि भंवरलालनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

हंडी फुटली. भिकुबाईनं काल्याचा पहिला घास स्वतः खाल्ला नाही, धनसिंगच्या तोंडात घातला, दुसरा आपल्या. मग तिनं सगळ्यांदेखत पोटभर जेवून घेतलं, आणि आणखी वाढा म्हणाली. धनसिंग समोर बसून नुसता बघत होता. छातीवरचा वर्षभराचा धोंडा कुणी उचलून नेला होता, त्याला कळलंही नव्हतं.

आता निघायची वेळ. बुवांना संध्याकाळच्या आत चोपड्याला पोचवायचं होतं. सडकेपर्यंत गेलं की पुढं दुसरं वाहन. जीपचं तोंड मंडपातल्या देवाकडं, गल्ली चिंचोळी, दोन्हीकडं माणसं. वळवायला जागाच नव्हती. धनसिंग घाम पुसत म्हणाला, "जीप वळवू कशी?"

"वळवायची कशाला?" अभिमन म्हणाला. "पहिला गियर टाक."

धनसिंगनं पहिला टाकला. जीप सावकाश मागं निघाली. सरळ, सुरळीत, माघारी. बुवा पुढच्या सीटवर देवाकडं तोंड करून बसलेले, हात जोडलेले. आपण देवळातून निघताना पाठ फिरवत नाही, चार पावलं मागं सरकत येतो ना, तशीच ती जीप देवाकडं पाहत, हात जोडलेल्या बुवांना घेऊन मागं मागं गेली. मंडप लहान होत गेला, माणसं लहान होत गेली, पण बुवांचा चेहरा गावाकडंच होता. नाला ओलांडून, दुसऱ्या काठावर चढेपर्यंत.

वनानं भिकुबाईच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. म्हातारीनं हात जोडले. "देख," ती म्हणाली, "बुवानी जातांबी देवले पाठ नई दखाडी. मन्हा धनसिंगनी गाडीच तशी बनाडेल शे."

बघता बघता ही बातमी साऱ्या चोपडा तालुक्यात पसरली. जळगावचा कुणी पाटील आहे, त्यानं म्हणे खास भक्तीची जीप करवून घेतली, देवाला पाठ न दाखवणारी. धुळ्याहून दोघं-तिघं तशीच करून मागायला आले. अभिमन पुढच्याच रविवारी पान्हे घेऊन गोळा सुलटा करायला हजर झाला, तर मावशीचा निरोप आधीच येऊन बसला होता: हात लावू नका.

तर दोन वर्षं ती जीप तशीच राहिली, गोळा उलटा आणि मागचा दांडा काढलेला. बाजारात भाजी आणायला जाताना धनसिंगला उलट्या गियरमध्ये गोगलगाईसारखं जावं लागे, आणि येताना चार गियरमध्ये भरधाव, पण पाठमोरं. पुष्पाबाई शेजारी बसायची ती पदर तोंडावर घेऊन. "जाताना सगळे ओव्हरटेक करतात," ती म्हणायची, "आणि येताना सगळ्यांची तोंडं बघत यावं लागतं." दोन चैत्र बुवा त्याच जीपमधून आले आणि तोंड न फिरवता गेले. तिसऱ्या चैत्राच्या आत भिकुबाई गेली. जेवून, नाम घेऊन, झोपेतच. मग अभिमन आणि भंवरलालनं मिळून, एकाच बाजूला पालथं पडून, गोळा सुलटा केला. पुष्पाबाईनं देवापुढं साखर ठेवली. धनसिंग मात्र बराच वेळ अंगणात उभा होता, म्हणतात.

बस, एवढीच गोष्ट. आता घरी जाल. तुमच्यात कुणाकडं स्कूटर असेल, कुणाकडं ट्रॅक्टर, कुणाचा मुलगा उद्या मोटार घेईल. कधी तिला माघारी घ्यायची वेळ आली, उलटा गियर खट्कन पडला, तर त्या क्षणी एकदा पिंपळझिऱ्याच्या भिकुबाईची आठवण काढा. तिच्या लेखी माघारी येणं वेगळं आणि पाठ फिरवणं वेगळं. एवढं तिच्यासाठी लक्षात राहू द्या. आणि हो, मागं बघून घ्या.